थ्रिफ्ट स्टोअरमधली जुनी खेळणी घेऊन विकणं : सहा वर्षांचा अनुभव

मोगरा_कोलंबस

नमस्कार मंडळी,

मागच्या गटगला (गेट-टुगेदरला) दोघी-तिघी मागेच लागल्या, "तुझं ते जुन्या खेळण्यांचं नक्की काय चालतं, एकदा बैजवार लिही." म्हणून हा धागा. लांबणार आहे, पण ऐकीव माहितीवर कुणी पैसे घालू नयेत असं मनापासून वाटतं.

आम्ही ओहायोत कोलंबसला राहतो. २०१९ च्या डिसेंबरात लेकासाठी बर्फातले बूट बघायला मी थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, शिरले. बूट मिळाले नाहीत. तिथे खेळण्यांच्या भिंतीवर पारदर्शक पिशव्या टांगलेल्या असतात, सुटी बारीकसारीक खेळणी एकत्र कोंबून वर स्टेपल मारलेल्या. तसल्या एका पिशवीत बाहुलीचे कंगवे, दोन गोट्या, शेपूट तुटलेला डायनासोर आणि तळाशी तळहातात मावेल अशी गुलाबी डबी दिसली. किंमत ३.९९ डॉलर. घरी येऊन डबी उघडली तर आत अख्खं घर! जिना, पलंग, तांदळाच्या दाण्याएवढा नळ, आणि करंगळीच्या पेराएवढी एक मुलगी. तिचा तळ गोल, आणि घरात जागोजागी त्याच मापाचे खळगे. तिला जिन्याशी उभी करा, पलंगापाशी उभी करा, बरोबर बसते. डबीच्या मागे ब्लूबर्डचं नाव आणि १९८९ साल कोरलेलं.

ही पॉली पॉकेट. ख्रिस विग्ज नावाच्या इंग्रज माणसाने १९८३ साली आपल्या मुलीसाठी पावडरच्या डबीत असं घर केलं होतं. १९८९ मध्ये ब्लूबर्ड कंपनीने ते बाजारात आणलं. पुढे १९९८ मध्ये बार्बीवाल्या मॅटेलने ब्लूबर्ड घेतली आणि बाहुली आकाराने मोठी झाली. त्यामुळे आज तिशी-चाळिशीतल्या बायका शोधतात त्या आधीच्या, छोट्या पॉलीला. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त जुना टूथब्रश आणि साबणाचं कोमट पाणी घेऊन बसले, बिजागरीतला मळ काढला, फोटो काढले, आणि चार महिन्यांनी ती ईबेवर लावली. विकत घेणाऱ्या बाईंनी पैसे भरण्याआधी एकच विचारलं, "झाकण उघडं ठेवलं तर आपोआप पडतं का?" मी डबी टेबलावर उघडी ठेवून व्हिडिओ पाठवला. ४८ डॉलरला गेली.

त्या प्रश्नाने मला हा धंदा शिकवला. माल मिळणं हा नशिबाचा भाग आहे, पण पैसे मिळतात ते त्यानंतर टेबलाशी बसून केलेल्या कामाचे. पुसणं, मोजणं, चालवून बघणं, आणि जे मोडलंय ते मोडलंय म्हणून लिहिणं.

नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो तो किंमत बघताना. कुणीतरी बीनी बेबी या कापडी प्राण्याला हजारो डॉलर लावलेले दिसतात आणि आपण टोपलीभर उचलून आणतो. लावलेली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. ईबेवर 'विकलेल्या वस्तू' हा फिल्टर लावा आणि खरोखर कितीला गेलं ते बघा. नव्वदच्या दशकातल्या बहुतेक बीनी बेबी दोन-चार डॉलरलाही जात नाहीत. तीच गत बार्बीची. पाठीवर १९६६ कोरलेलं दिसलं की छाती धडधडते, पण ते साल त्या शरीराच्या साच्याच्या कॉपीराइटचं आहे. तोच साचा नव्वदच्या दशकापर्यंत वापरात होता, त्यामुळे तुमच्या हातातली बाहुली १९९२ ची असू शकते.

आता हिशोब, कारण फुशारक्या सगळे मारतात. मागच्या महिन्यातला एक बोर्ड गेम सांगते. खरेदी ६ डॉलर. विकला ४२ ला, वर गिऱ्हाइकाने पोस्टेजचे १३ दिले, एकूण ५५. ईबेचं कमिशन साधारण साडेतेरा टक्के आणि ते पोस्टेजवरसुद्धा लागतं, म्हणजे साडेसात गेले. प्रत्यक्ष पोस्टाचं लेबल पडलं साडेचौदाला, खोकं आणि टेप दीड. हातात राहिले साडेपंचवीस. जाणं-येणं, मोजणी, साफसफाई, फोटो, पॅकिंग धरून अडीच तास. ताशी दहा डॉलर. त्यात पेट्रोल धरलेलं नाही, आणि ही चांगली विक्री होती.

पोस्टेजचं एक लक्षात ठेवा. खेळणी हलकी असतात पण जागा खातात, आणि एक घनफुटाहून मोठं खोकं झालं की वजनाऐवजी आकारावर पैसे लागू शकतात. मीडिया मेल ही पोस्टाची सेवा स्वस्त म्हणून बोर्ड गेम त्यातून पाठवू नका. ती सोय पुस्तकं, सीडी अशा गोष्टींची आहे, खेळ त्यात बसत नाहीत.

माझे प्रश्न दोन. जुन्या व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजमध्ये (यंत्रात खोचायच्या डबीत) मी एकदा चांगलीच पोळले आहे, त्यातलं खरं-खोटं ओळखायला कुणी शिकवेल का? आणि सुट्या लेगोच्या पिशव्या घेणं परवडतं का?

जर्सीकाका

मोगराताई, धागा उत्तम. पण कुणी उत्साहात उडी मारण्याआधी व्हिसाचं बोलू.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर ज्या कंपनीने व्हिसा केला तिच्याखेरीज दुसरं काम करता येत नाही. आपल्या घरातलं वापरलेलं सामान विकणं वेगळं. विकण्याच्या हेतूने माल घ्यायचा आणि नफ्यात विकायचा, हा धंदा झाला. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर हातात ईएडी (काम करण्याचा परवाना) हवं. ती सोय २०१५ पासून आहे आणि सरसकट सगळ्यांना नाही. बायकोला ईएडी नाही म्हणून एच-१बी वाल्या नवऱ्याच्या नावाने खातं काढणं हा उपाय नव्हे, त्याने दोघंही अडचणीत येतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांनीही हे वाचावं. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-बारा वर्षं काढून खेळण्यांपायी घोळ घालू नका. आधी वकिलाला विचारा.

दुसरं, कर. ईबेकडून १०९९-के, म्हणजे विक्रीची रक्कम करखात्याला कळवणारा फॉर्म, आला नाही म्हणजे कर नाही, असा समज फार आहे. त्या फॉर्मची मर्यादा २०२५ च्या कायद्याने परत २०,००० डॉलर आणि २०० व्यवहारांच्या वर गेली, पण कर फॉर्मवर नसतो, मिळकतीवर असतो. खर्च वजा जाता वर्षाला ४०० डॉलर किंवा जास्त उरले की रिटर्न भरावाच लागतो, आणि नेहमीच्या करावर स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के वेगळा. दुकानाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपा. थर्मल कागदावरची शाई उडते, म्हणून फोटो काढून ठेवा.

मोगरा_कोलंबस

काका, हे मूळ लेखातच यायला हवं होतं, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. माझ्याकडे ईएडी होतं, ते हातात येईपर्यंत मी ती डबीसुद्धा लावली नव्हती. चार महिने कपाटात होती. पावत्यांचे फोटो मी दर रविवारी रात्री काढते, महिन्यावारी फोल्डर करून.

दोन_बटणं

कार्ट्रिजबद्दल मी सांगतो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

सगळ्यात जास्त नकला गेम बॉय ॲडव्हान्स या निन्टेन्डोच्या हातातल्या यंत्रावरच्या पोकेमॉन खेळांच्या असतात. पुढचं लेबल उजेडात तिरकं धरा. अस्सल लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, छापलेले नाहीत, दाबलेले. बोटाने जाणवतात. मग खालच्या फटीतून सोनेरी पट्ट्यांच्या वर बघा, आतल्या बोर्डावर निन्टेन्डोचं नाव दिसलं पाहिजे. लेबलचा रंग फिका, छपाई धूसर, प्लॅस्टिक जास्त चकचकीत असेल तर ठेवून द्या. शंका असेल तर तीन पात्यांचा (ट्राय-विंग) स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडा, आणि आतल्या बोर्डाचा फोटो जाहिरातीत लावा. जाणकार गिऱ्हाईक तोच फोटो शोधतं.

गेम बॉयच्या जुन्या पोकेमॉनमध्ये, म्हणजे अमेरिकेत १९९८ ला आलेल्या लाल-निळ्यात, खेळ जतन करायला आत नाण्यासारखी बॅटरी डाखलेली असते. बहुतेकांची आता संपलेली असते किंवा संपत आलेली. २००० सालच्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये घड्याळही त्याच बॅटरीवर चालतं, म्हणून ती आधी जाते. खेळ सुरू होतो म्हणून 'चालू स्थितीत' लिहिलं आणि गिऱ्हाइकाच्या पोराचा रात्रभराचा खेळ सकाळी पुसला गेला, तर ती आपली चूक. जतन करून, बंद करून, दुसऱ्या दिवशी परत लावून बघा, मगच लिहा.

मोगरा, पोळलीस म्हणजे काय झालं होतं?

मोगरा_कोलंबस

हेच. अस्सल म्हणून विकलं, नकली निघालं. मी ते एका दुकानाच्या काचेच्या कपाटातून घेतलं होतं, कुलूप उघडून देतात तिथून, म्हणून शंकाच आली नाही. सगळे पैसे परत केले, परतीचं पोस्टेजही दिलं. पैशांपेक्षा जास्त लागलं ते गिऱ्हाइकाचं वाक्य, मुलाच्या वाढदिवसाला घेतलं होतं म्हणाले. दाबलेल्या आकड्यांचं तुझ्याकडून आज कळलं. ट्रेमध्ये पडलेली सात कार्ट्रिजं आत्ताच दिव्याखाली धरून पाहिली. सहांवर आकडे आहेत. सातवं बाजूला काढलंय.

शाल्मली_आर

मला थोडं वेगळं बोलायचंय, राग मानू नका.

आम्ही २००३ साली विद्यार्थी जोडपं म्हणून आलो. लेकीची पहिली भातुकली, तिची पझल्स, तीन चाकांची सायकल, सगळं थ्रिफ्टमधलं. नव्या दुकानात जाण्याची ऐपतच नव्हती. आता शनिवारी सकाळी तिथे गेलं की फोनवर स्कॅन करत गाड्या भरणारी माणसं दिसतात. बाजूला एखादी आई दोन मुलांना घेऊन उरलेलं चाळत असते. ते बघितलं की पोटात तुटतं. तिथली खेळणी कुणासाठी असतात, याचा विचार या धंद्यात कुणी करतं का?

मोगरा_कोलंबस

शाल्मलीताई, राग कसला. हा प्रश्न मी स्वतःला दर आठवड्याला विचारते.

मी काय करते ते सांगते. तान्ह्या मुलांची खेळणी, लाकडी ठोकळे, डुप्लो (लहानग्यांचे मोठ्या आकाराचे लेगो), भातुकली, सायकली आणि मुलं रोज खेळतात ते साधे बोर्ड गेम मी उचलत नाही. मी शोधते ते मोठ्यांचं, संग्राहकांचं. मुलांच्या आसपास असताना रॅकवरून काही काढत नाही, ती पुढे गेली की मग. आणि घरी अर्धवट खेळांचे भाग जमतात, त्यातून पूर्ण होतील ते संच पूर्ण करून त्याच दुकानाला परत देते. वरच्या झाकणावर 'सर्व भाग मोजलेले आहेत' अशी चिठ्ठी लावते. मागच्या वर्षी तसे एकतीस दिले.

गुडविलसारख्या संस्थेचं कामही बघा. १९०२ साली बॉस्टनला एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने सुरुवात केली, जुन्या वस्तू गरजूंच्या हातून दुरुस्त करून विकायच्या आणि त्यातून त्यांना मजुरी द्यायची. आजही विक्रीचा पैसा नोकरीच्या प्रशिक्षणाला जातो. दुकानात खपलं नाही ते आउटलेटला जातं, तिथे निळ्या पेट्यांमधून वजनावर विकतात, आणि तिथूनही उरलेलं पुढे रद्दीत. मी हल्ली बरीचशी खरेदी त्या पेट्यांमधूनच करते.

पण किमती वाढल्यात हे खरं, आणि त्यात आमच्यासारख्यांचा हात आहे हेही खरं. तुमचं म्हणणं मला खोडून काढायचं नाही.

शाल्मली_आर

चिठ्ठीची गोष्ट फार आवडली. बरंचसं पटलं. तरी ती गुलाबी डबी एखाद्या पोरीने ३.९९ ला नेली असती तर ती तिच्याशी खेळली असती, एवढं मनात येतंच.

मोगरा_कोलंबस

हो. नेली असती तर तिची झाली असती. याला माझ्याकडे उत्तर नाही.

लेगोवेडा_सिअ‍ॅटल

लेगोबद्दल. परवडतं, पण सुट्या विटांवर नाही. पिशवीतला खरा पैसा माणसांमध्ये असतो. लेगोची ती छोटी माणसं १९७८ पासून आहेत, आणि १९९९ नंतरच्या स्टार वॉर्सच्या माणसांना कायम मागणी. पिशवी बाहेरून फिरवून आधी डोकी, धडं, टोप्या, हातातली आयुधं शोधा.

नक्कल ओळखायला सोपं, अस्सल विटेच्या प्रत्येक उंचवट्यावर लेगो हे नाव असतं. पिशवीत निम्म्या विटांवर नाव नसेल तर सोडा. अस्सल असेल तर १९५८ ची वीटही आजच्या विटेवर घट्ट बसते, त्यामुळे जुनं म्हणून बाद काहीच नाही. घरी आल्यावर धडांच्या काखेखाली चीर आहे का बघा, ती फोटोत दिसत नाही आणि तक्रार तिथूनच येते. मुलांनी चावलेल्या विटा वेगळ्या काढा. धुताना पाणी ४० अंशांच्या आत, जाळीच्या पिशवीत, हाताने. डिशवॉशरमध्ये घातल्या तर वाकतात. स्टिकर लावलेले भाग पाण्यात अजिबात नको.

भाव ब्रिकलिंकवर बघा. गेल्या सहा महिन्यांत कोणता भाग कितीला गेला याची सरासरी तिथे मिळते. २००० साली एका संग्राहकाने सुरू केलेली जागा, २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच घेतली. संच ओळखू आला तर माहितीपुस्तिका लेगोच्या साइटवर फुकट आहे. ती उघडून बसायचं आणि भाग जुळवायचे. आमच्याकडे हे काम हिवाळ्यात चालतं. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर, रंगांप्रमाणे ताटल्या, आणि मुलं शेजारी. धाकटीला चाकं शोधायला दिलीत. तिला चाकं इतकी पटकन दिसतात की आम्ही बघतच राहतो.

परिचारिका_ॲन आर्बर

कृपया हा भाग सगळ्यांनी वाचा. धोकादायक म्हणून परत मागवलेलं (रिकॉल झालेलं) खेळणं विकणं अमेरिकेत २००८ च्या कायद्यापासून बेकायदा आहे, मग ते जुनं असो, गॅरेज सेलमधलं असो. उचलण्याआधी ग्राहक सुरक्षा आयोगाच्या साइटवर नाव टाकून बघा, दोन मिनिटं लागतात. जून २००७ मध्ये थॉमसच्या लाकडी आगगाड्या शिसं असलेल्या रंगामुळे परत मागवल्या, पंधरा लाख नग. त्यातल्या किती अजून माळ्यांवर पडून असतील! थ्रिफ्टमध्ये त्या गाड्यांचा डबा दिसला की मी आधी जेम्स नावाचं लाल इंजिन बघते.

२०१८ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने प्लॅस्टिकची २०० जुनी खेळणी तपासली, तेव्हा लाल, पिवळ्या आणि काळ्या प्लॅस्टिकमध्ये शिसं, कॅडमियम अशी द्रव्यं जास्त सापडली. सत्तर-ऐंशीच्या दशकातलं काही असेल तर जाहिरातीत स्पष्ट लिहा, 'संग्रहासाठी, लहान मुलांना देऊ नये.' आणि मोगराताई, पॉली पॉकेटवरही लिहा. ती छोटी बाहुली सहज घशात जाते.

मोगरा_कोलंबस

लिहिते, पहिल्याच ओळीत. थॉमसचं मात्र मी इतकं काटेकोर पाहत नव्हते, उद्या गॅरेजमधले दोन डबे काढून बघणार.

फोंडेकर

देव बरें करूं. गोव्यातून लिहितो.

आमच्याकडच्या लोकांना ठाऊक नसतं, पण अमेरिकेतले जी. आय. जो या छोट्या सैनिक-बाहुल्यांचे संग्राहक फनस्कूलचे भारतीय जो शोधतात. साचे मूळ अमेरिकन कंपनी हॅस्ब्रोचेच, पण रंग आपल्याकडे वेगळे लागले, तेच त्यांना हवे असतात. फनस्कूलचा एक कारखाना आमच्या गोव्यात, त्यामुळे मला त्याचं जास्तच कौतुक. तुमच्या माहेरी माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या खालच्या कपाटात जुने जो असतील तर भंगारात देऊ नका. कंबरेतलं रबर सुकून तुटलेलं असतं, ते बदलता येतं. पण अंगठे तुटलेले नसावेत.

कसबा_पेठ

पुण्याचं सांगतो. आमचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी. सकाळी लवकर जायचं, उन्हं वर आली की चांगलं उरत नाही. जमिनीवर पसरलेल्या पोत्यावर नट-बोल्ट, घड्याळं, टेपरेकॉर्डर, आणि मधूनच एखादी धातूची छोटी मोटार. ती उलटी करून पोट वाचा. लिओ, निकी, मॅक्सवेल ही नावं दिसली तर थांबा. लिओने मॅटेलच्या हॉट व्हील्स मोटारी इथे केल्या, निकी टॉइज इंग्लंडच्या डिंकी मोटारींच्या जुन्या साच्यांवर कलकत्त्याला झाल्या. परदेशात यांचे शौकीन आहेत.

रंग उडाला असला तरी पुन्हा रंगवू नका. माझ्या मित्राने एक निकी घासून, पॉलिश करून, लाल रंग मारून आणली आणि अभिमानाने दाखवली. बिचाऱ्याला सांगताना मलाच वाईट वाटलं. मूळ रंगाचे टवके हेच तिचं मोल होतं.

सई_टेक्सास

फार छान धागा. एक शंका, इथून स्वस्तात घेतलेली खेळणी भारतात नेऊन विकता येतील का? पुण्यात अमेरिकन खेळण्यांना भरपूर भाव आहे असं बहीण म्हणते.

जर्सीकाका

सईबाई, नको. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणचिन्ह सक्तीचं आहे. भाचरांसाठी भेट म्हणून बॅगेत चार खेळणी नेणं निराळं, विकायला नेणं निराळं.

अश्विनी_डेट्रॉइट

सगळं वाचून काढलं, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत सुरू केलं आणि आता रात्र झाली.

मला विकायचं काहीच नाही. लेकीसाठी मागच्या आठवड्यात थ्रिफ्टमधून माउस ट्रॅप हा बोर्ड गेम आणला, टेपने बंद केलेलं खोकं, दोन डॉलर. जोडायला बसलो तर गोटी आहे, शिडी आहे, पिंजरा आहे, लाथ मारणारा बूट नाही. बुटाशिवाय पुढचं काही हलतच नाही. तीन दिवस ती बोटाने बादली ढकलते आणि "हे खरं नाही" म्हणते. सुटा भाग कुठे मिळतो का?

मोगरा_कोलंबस

माझ्याकडे सुट्या भागांचा डबा आहे, त्यात बूट आहेत. खोक्याच्या कडेला कंपनी आणि साल बघून सांगा, आयडियलचा जुना आहे की मिल्टन ब्रॅडलीचा नंतरचा. दोन्हींच्या रचना वेगळ्या, चुकीचा पाठवला तर बसणार नाही. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पैसे नकोत. सोमवारी पोस्टात टाकते.

अश्विनी_डेट्रॉइट

मिल्टन ब्रॅडली. साल पुसट आहे, १९८ पुढचा आकडा दिसत नाही. फोटो आणि पत्ता व्यनि केलाय. लेक विचारतेय बूट कोणत्या रंगाचा आहे.

मोगरा_कोलंबस

फोटो पाहिला, बसेल. पिवळा आहे, सांगा तिला.